दारू सोडायच्या मिटिंगला जाताना या चुका टाळा (बऱ्याच मी स्वतः केल्यात)

नाव लिहित नाही, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये (दारू सोडू बघणारे एकत्र बसून आपापलं सांगतात ती संघटना) तशी पद्धत नाही. कोल्हापुरातल्या पेठेतला एक माणूस समजा.

पहिली चूक, गावातलं कोण बघंल म्हणून मी सांगली गाठली. जाऊन येऊन शंभर किलोमीटर एसटीनं, दीड तासाच्या मिटिंगसाठी, वर घरात थाप की कामाला गेलतो. दोन महिने जमलं. मग 2019 चा महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, एसटी बंद, आणि पूर ओसरायच्या आधीच मी परत क्वार्टर घेऊन बसलो. नंतर कोल्हापुरातल्याच मिटिंगला गेलो तर शेजारच्या खुर्चीवर कोण, तर ज्याच्या गाड्यावर मी पिऊन झाल्यावर बुर्जी खायचो तो. त्यानं काय विचारलं नाही, नुसता चहाचा कप पुढं सरकवला. जो बघंल म्हणून आपण भितो तो तिथं आपल्यासारखाच दारू सोडायला आलेला असतो. म्हणून जवळची मिटिंग धरा, पाऊस असला तरी चालत जाता येईल अशी.

दुसरी चूक जिवावरची आहे. "चार दिवस कोरडा राहतो, मग तोंड घेऊन जातो." रोज भरपूर पिणाऱ्यानं असं एकदम बंद करू नका भावांनो. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, बायको ओळखू येत नाही. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलंय, मग अंगारे-धुपारे सुरू, आणि तेवढ्यात माणूस जातो. आधी सीपीआरला (कोल्हापुरातला सरकारी दवाखाना) नाहीतर ओळखीच्या डॉक्टरला गाठा आणि किती पिता ते खरं सांगा, निम्मं नको. औषधं चालू असली तरी मिटिंगला येता येतं. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

घरच्यांची पण एक चूक सांगतो, न सांगता जेवणात दारू सोडायचं औषध कालवायचं. त्यात डायसल्फिराम असलं आणि वरनं माणूस प्याला, तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरनं माणसाला सांगून दिलेलं औषध वेगळं आणि आमटीत टाकलेली पूड वेगळी.

पत्ता नेटवर बघून थेट जायचं नाही. मिटिंगा शाळेच्या खोलीत नाहीतर चर्चच्या आवारात भरतात, जागा आणि वार बदलतात. मी एकदा कुलूप बघून परत फिरलो, आणि वाटेत बार होताच. आधी फोन करून विचारा, ओपन मिटिंग आहे का क्लोज्ड ते पण, कारण क्लोज्डला फक्त पिणाराच बसतो आणि बायको बाहेर पायरीवर ताटकळत राहते. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. फोन कुठं करायचा कळत नसेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, डोकं लैच फिरलं असेल तर 14416 टेली-मानस, ही मनाच्या त्रासासाठीची, दोन्ही फुकट.

काहीजण कपड्यांची पिशवी घेऊन येतात, ॲडमिशन आहे समजून. हे केंद्र नाही, फी नाही, शेवटी एक डबा फिरतो, त्यात वाटलं तर दहा रुपये टाकायचे नाहीतर पुढं द्यायचा.

बोलावं लागंल म्हणून घाबरू नका, "आज ऐकतो" म्हटलं की बास. उलटी चूक जास्त होते, पहिल्याच दिवशी दुसऱ्याला सल्ले. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन भेटले आणि हे सुरू झालं, दोघं पण दारुडे, आणि पहिल्या माणसानं सर्जनला उपदेश न करता स्वतःचीच गोष्ट सांगितली. अजून तेच चालतं. देवाचं नाव निघतं खरं, पण आपल्याला समजेल तसा देव, मी तर पहिलं वर्ष ते वाक्य आलं की पंख्याकडं बघत बसायचो.

आणि स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर परत प्यालो, की तोंड लपवून घरात बसायचं, ही सगळ्यात कॉमन. महापुरानंतर मी तसाच पाच महिने बसलो. शेवटी गेलो तेव्हा कुणी हिशोब मागितला नाही, "बस" म्हणाले. दुसऱ्याच दिवशी गेलो असतो तर ते पाच महिने वाचले असते.

राहिलं रस्सा मंडळ, म्हणजे मित्रांची रश्श्याची पार्टी. पोरं बोलवतात, नाही म्हटलं की वाईट वाटतं. पहिलं वर्षभर मी गेलोच नाही. आता जातो, पण मिटिंग करून, आणि गेल्या गेल्या वाढायचं काम मागून घेतो. एका हातात तांबड्याची बादली, दुसऱ्यात पळी, ग्लास धरायला हातच मोकळा नसतो.