शंखशिंपले घरी कसे जपावेत?

शंखशिंपल्यांसाठी लोक हौसेने लाकडी पेटी करून घेतात, आत कापूस अंथरतात, वर काच बसवतात. दिसायला झकास. पण संग्रहाचा घात बहुतेक वेळा याच पेटीत होतो. तिच्याकडे वळण्याआधी धुण्या-वाळवण्याचे बघू.

१. रिकामेच उचला. आत जीव असेल, किंवा एखाद्या खेकड्याने बिऱ्हाड थाटले असेल, तर शंख जागच्या जागी ठेवा. काही जाती गोळा करायला किंवा देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी असते. त्याची चौकशी आधीच केलेली बरी.

२. मीठ काढा. शंख साध्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि आठवडाभर रोज पाणी बदला. आत राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, म्हणून इथे घाई नको. मग मऊ टूथब्रशने घासा, वेटोळ्यातली वाळू बारीक काडीने काढा.

ब्लीचचा मोह आवरा. अगदीच शेवाळलेल्या, जाड, पांढऱ्या शंखाला पातळ केलेले ब्लीच चालते. पण पुष्कळ शंखांवर तपकिरी पापुद्रा असतो, जात ओळखायला त्याची मदत होते, आणि ब्लीच तो खाऊन टाकते. कवड्यांना तर ते लावूच नका. व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कशालाच नको: शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो फसफसत विरघळू लागतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, तेव्हा दोन्ही बाटल्या एका वेळी उघडूच नका.

३. सावलीत वाळवा. तोंड खाली करून, निदान चार-पाच दिवस. आतल्या वेटोळ्यांत पाणी फार वेळ दडून राहते. उन्हात ठेवले तर रंग उडतो आणि पापुद्रा तडकतो. दोन झापांचा शिंपला असेल तर ओला असतानाच मिटवून वरून मऊ सुती दोरा गुंडाळा. बिजागरी एकदा वाळली की ठिसूळ होते, नंतर मिटवायला गेलात तर हमखास तुटते.

चकाकी हवी असेल तर मिनरल ऑइलचा एखादा थेंब कापडावर घेऊन पुसा. खाण्याचे तेल चिकट होते आणि खवट वास मारते. व्हार्निश लावलेला शंख मला तरी प्लास्टिकचा वाटतो, शिवाय ते कालांतराने पिवळे पडते.

४. पेटी विचारपूर्वक निवडा. पेटीत ठेवलेल्या शंखांवर कधीकधी पांढरी भुकटी धरते. आधी मीठच वाटते, पण खण उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. कवडीची झिलई जाते, नक्षीच्या कडा झिजतात, पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. लॉफ्टस बाइन या इंग्रज संग्राहकाने 1899 मध्ये त्याचे वर्णन केले आणि दोष जिवाणूंना दिला. प्रत्यक्षात हा रोग नव्हेच. लाकूड, प्लायवुड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते), साधा पुठ्ठा आणि काही गोंद यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा निघतात. दमट हवेत त्या शंखातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि क्षार तयार होतात, तीच ती भुकटी. ओक लाकूड याबाबत कुप्रसिद्ध आहे. खण जितका घट्ट बंद, तितक्या वाफा आत कोंडतात.

तेव्हा भट्टीत पक्का केलेला रंग असलेले धातूचे कपाट किंवा प्लास्टिकचे डबे वापरा. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो: 2, 4, 5 चालतील; 3 म्हणजे पीव्हीसी, तो टाळा. कापसाऐवजी पॉलिथिलीनचा फोम घाला, कारण कापसाचे तंतू काट्यांत अडकतात आणि तो ओलावाही धरतो. छोट्या काचेच्या नळ्यांना बुचाचे झाकण नको, बूच म्हणजे शेवटी झाडाची सालच. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा. दमट हवेत सिलिका जेलची पुडी टाका, पण फार कोरडेही करू नका, पापुद्रा तडकतो.

५. चिठ्ठी लिहा, त्याच दिवशी. कुठे सापडला, कधी, वाळूत की खडकात, कोणी उचलला. जातीचे नाव नंतर कोणीही पुस्तकात बघून सांगेल. ठिकाण मात्र तुम्ही विसरलात की कायमचे गेले. आम्लरहित कागद आणि पेन्सिल वापरा, बॉलपेनची शाई फिकी पडते. शंखाच्या तोंडाशी आतल्या बाजूला बारीक अक्षरात इंडिया इंकने (पक्क्या काळ्या शाईने) क्रमांक घाला, तोच वहीत नोंदवा. शंखाचे झाकण, म्हणजे आतला जीव ज्याने तोंड मिटतो ती चकती, मिळाले असेल तर तेही त्याच क्रमांकाने जपा.

६. अधूनमधून उघडून बघा. मांडणी थेट उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली नको. उडालेला रंग परत येत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक डबा उघडा आणि आधी वास घ्या. भुकटी दिसली तर तो शंख बाजूला काढून गोड्या पाण्यात भिजवा, पुरता वाळवा. गेलेली झिलई येणार नाही, पण झीज थांबेल. मात्र तो पुन्हा त्याच खणात ठेवू नका, आणि त्या खणातले बाकीचे शंखही त्याच दिवशी बाहेर काढा.