ड्युशेनच्या मुलांचे स्नायू मोजताना

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार, असलेल्या मुलाची पोटरी पहिल्यांदा हातात घेतली की नवा माणूस फसतो. पोटरी भरीव, टणक, वयाच्या मानाने जाड लागते. आणि तोच मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. त्या पोटरीत स्नायूंच्या तंतूंची जागा चरबीने आणि चिवट जोडऊतीने घेतलेली असते. म्हणून नव्याने रुजू झालेल्या फिजिओंनी, आहारतज्ज्ञांनी, तंत्रज्ञांनी टेपने घेतलेला घेर वहीत जरूर लिहावा, पण त्याला स्नायू म्हणू नये.

दुसरी गफलत वाढीमुळे होते. आठ वर्षांचा मुलगा उंच होत असतो, त्यामुळे स्नायूंचे किलो थोडे वाढलेले दिसले तरी आजार थांबला असं होत नाही. त्यात या आजारात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने उंची खुंटते आणि चरबी वाढते. प्रत्येक आकडा उंचीच्या जोडीनेच वाचायचा. उभं राहता येत नसेल तर कोपराच्या टोकापासून मनगटाच्या करंगळीकडच्या हाडापर्यंत अल्नाची लांबी घ्या. मुलग्यांसाठी वापरात असलेलं एक सूत्र असं: उंची (सेंमी) = 4.605 × अल्ना (सेंमी) + 1.308 × वय (वर्षं) + 28.003. हात दर वेळी तोच. व्हीलचेअरसकट वजन घेतलंत तर रिकामी खुर्चीही त्याच गादीसह, त्याच पायट्यांसह तोला. मागे दप्तर लटकत नाही ना, ते आधी बघा.

मुलाला उचलताना बगलेत हात घालू नका. खांद्याचे स्नायू कमजोर असतात, तो हातांतून खाली निसटतो, आणि स्टेरॉइडमुळे ठिसूळ झालेलं हाड मोडायला तेवढं पुरतं. दोघांनी, एकाने पाठ आणि एकाने मांड्या धरून हलवा.

डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि बाकीचा भाग वेगवेगळा मोजणारा स्कॅन, सोपा, झटपट, किरणोत्सर्ग अगदी थोडा. पण त्यातला 'लीन मास' (चरबी आणि हाडं सोडून उरलेलं वजन) म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे. पाणी, यकृत, आतडी, जोडऊती सगळं त्यात येतं. त्यामुळे पूर्ण शरीराच्या आकड्यापेक्षा हातापायांचा आकडा जास्त कामाचा. गुडघे-खुबे आखडलेले असल्याने मुलगा सपाट झोपू शकत नाही. उशी लागणारच, मग तीच उशी, त्याच जागी, दर वेळी, आणि तिचा फोटो फाइलमध्ये. पाय वाकडे पडून एकमेकांवर आले तर यंत्र एका मांडीचा भाग दुसरीत मोजतं. पाठीत रॉड बसवल्यावर धडाचे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळवायला जाऊ नका. मशीन किंवा सॉफ्टवेअर बदललं तरीही तेच.

आपल्या मशीनची चूक किती, हे ठाऊक नसताना 'बदल' हा शब्द वापरू नये. 15 जणांचं प्रत्येकी 3 वेळा किंवा 30 जणांचं 2 वेळा स्कॅन करून अचूकतेची त्रुटी (पुन्हा मोजल्यावर आकडा किती हलतो ते) काढतात आणि तिला 2.77 ने गुणतात. समजा त्रुटी 300 ग्रॅम आली. मग साधारण 830 ग्रॅमच्या आतला फरक हा फरक धरायचाच नाही.

लघवीतलं क्रिएटिनिन ही जुनी आणि स्वस्त पद्धत, पण सगळ्यात जास्त बिघडते तीच. क्रिएटिन हे ऊर्जेसाठी लागणारं द्रव्य मुख्यतः स्नायूंत असतं आणि त्याचा सुमारे 1.7 टक्के भाग रोज क्रिएटिनिन होऊन बाहेर पडतो. मांसातूनही ते येतं, म्हणून तीन दिवस आधीपासून मटण, चिकन, मासे बंद. क्रिएटिनची पावडर चालू आहे का, हे स्पष्ट विचारा. घरचे ते औषध समजत नाहीत, म्हणून सांगतही नाहीत. रविवारी सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, आणि सोमवारी सातची लघवी धरून संपवायचं. शाळेच्या दिवशी हे जमत नाही. 800 मिलीपैकी 150 मिलीची एक खेप संडासात गेली तर कागदावर सुमारे 19 टक्के स्नायू एका दिवसात गायब! व्हीलचेअरवरची बरीच मुलं कुणाला उठवावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. त्यांना लघवीचं भांडं हाताशी द्या, पडदा लावा, घाई करू नका.

ड्युशेनमध्ये क्रिएटिन स्नायूंत नीट साठत नाही, न बदलताच लघवीत उतरतं. म्हणून क्रिएटिनिनवरून स्नायू काढण्याचं, निरोगी माणसांवरून बांधलेलं गुणोत्तर इथे जसंच्या तसं लावू नका. ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) खूण लावलेलं क्रिएटिन पाजून स्नायूंचा साठा मोजणाऱ्या नव्या पद्धतीतही ही गळती वजा करावीच लागते.

एमआरआय हाताशी असेल तर डिक्सन पद्धतीने (पाणी आणि चरबीचे संकेत वेगळे करून) मांडीतल्या चरबीचं प्रमाण काढा. मांडीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 40 चौ. सेंमी आणि चरबी 35 टक्के असेल तर चरबी वगळून उरतात 26. छेद कुठे घ्यायचा ते मांडीच्या हाडाच्या लांबीच्या प्रमाणात ठरवा. ठरावीक सेंटिमीटर धरलेत तर मूल वाढल्यावर तोच छेद वेगळ्या जागी पडतो. आदल्या दिवशी पळापळ, पोहणं नको. मांडीतले ग्रॅसिलिस आणि सार्टोरियस हे स्नायू बरेच दिवस टिकतात, म्हणून फक्त त्यांच्यावरून मांडीचा निष्कर्ष काढू नका.

आणि आईबाबा रिपोर्ट पुढे करून आनंदाने म्हणतील, "सीपीके निम्म्यावर आलं." सीपीके हे रक्तात मोजलं जाणारं एंझाइम स्नायूंतूनच गळतं. वय वाढेल तसा गळायला स्नायूच कमी उरतो, म्हणूनही ते उतरतं. हे त्यांना मुलासमोर सांगू नका. बाजूला बसवून, वेळ काढून सांगा.