थेरपिस्टला आपल्या ओरिएंटेशनबद्दल सांगायचंय, पण कसं?

झोपेवर बोलून झालं, बॉसवर बोलून झालं, ब्रेकअपवर पण बोललो, फक्त त्यात सगळीकडे "ती व्यक्ती, ती व्यक्ती" करत, आपलं ओरिएंटेशन, म्हणजे आपल्याला मुलगे आवडतात, मुली की दोन्ही, ते लपवत अख्खं सेशन काढलं. हे खूप जणांचं होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण प्रॉब्लेम असा की थेरपिस्ट मग अर्धवट गोष्टीवर सल्ला देतो. "घरच्यांशी मोकळं बोलून बघा ना" असं तो सहज म्हणतो, आणि आपण मान डोलावतो कारण ते का शक्य नाही हेच सांगितलेलं नसतं.

सांगायच्या आधी एक काम करा, थेरपिस्टची परीक्षा घ्या. हो, तुम्ही त्याची. बुकिंगच्या आधी मेसेज किंवा फोनवर दोन प्रश्न विचारायचे. तुमच्याकडे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल क्लायंट येतात का आणि त्यांच्यासोबत कसं काम करता? आणि दुसरा, ओरिएंटेशन बदलता येतं असं तुम्हाला वाटतं का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" असं सरळ यायला पाहिजे. "तुमची इच्छा असेल तर प्रयत्न करू" असं आलं तर तिथूनच नमस्कार. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचा निर्णय घेतला, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये काढली. तरी एक चोरवाट राहिली होती, "आजार नाही, पण तुम्हालाच त्रास होतोय ना, मग त्याचा इलाज करू", आणि अशा अर्थाचं निदान आयसीडी-१० मध्ये, म्हणजे याच संघटनेच्या आजारांच्या यादीच्या आधीच्या आवृत्तीत, होतं पण. नव्या आवृत्तीतून, आयसीडी-११ मधून, ते गेलं, जे २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे आज कोणी हे गोडीत सांगत असेल तर त्याचं पुस्तक जुनं आहे. त्रास होत असेल तर थेरपी त्या त्रासावर, भीतीवर, लाजेवर करायची, ओरिएंटेशनवर नाही.

मग गुप्ततेचं. "सगळं कॉन्फिडेन्शियल असतं" एवढ्यावर समाधान मानू नका, अपवाद विचारा. साधारणपणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलांवर अत्याचार, कोर्टाचा आदेश, असे असतात, पण देशादेशात फरक आहे. हे काहीच न सांगता विचारता येतं, "इथे बोललेलं घरी कळू शकतं का? नोट्समध्ये काय लिहिता आणि त्या कोण बघतं?" तुम्ही १८ च्या आतले असाल, किंवा फी आईवडील भरतात, किंवा इन्शुरन्समधून जाते, तर हा प्रश्न आधी, बाकी सगळं नंतर. आणि ६०हून जास्त देशांत समलैंगिक संबंध अजून गुन्हा आहेत, तिथे राहत असाल तर लेखी काय ठेवायचं याचा खरंच नीट विचार करा.

आता ते वाक्य. आधी स्वतःशी ठरवा की हा विषय आहे का नुसती पार्श्वभूमी आहे, कारण दोन्ही वेगळं सांगावं लागतं. पार्श्वभूमी असेल तर "मी गे आहे, यावर काम करायचं नाहीये, पण बाकीचं समजायला तुम्हाला माहीत असावं." विषय असेल तर "मला मुलीच आवडतात असं वाटतंय, नक्की माहीत नाही, आत्ता लेबल नकोय, पण बोलायचंय." नक्की माहीत नसलं तरी चालतं, उलट थेरपीची खोली त्यासाठीच असते. तोंडातून शब्द फुटत नसेल तर लिहून न्या, मोबाईलवरून वाचून दाखवा, नाहीतर आदल्या दिवशी मेसेज करून "उद्या याच्यापासून सुरू करू" म्हणा. सुरुवातीच्या दहा मिनिटांत सांगा शक्यतो. बरेच जण चपला घालता घालता बॉम्ब टाकतात आणि मग आठवडाभर एकटेच तळमळतात.

ऑनलाइन सेशन असेल तर एक गोष्ट हमखास विसरते, हेडफोनने थेरपिस्टचा आवाज लपतो, तुमचा नाही. दाराबाहेर कोणी असेल तर नाजूक भाग चॅटमध्ये टाइप करा, आणि नंतर तो चॅट डिलीट करा.

सांगितल्यावर समोरचा काय करतो ते बघा. चांगला थेरपिस्ट तुमचेच शब्द वापरतो, यावर किती बोलायचंय ते विचारतो, अजून कोणाला माहीत आहे ते विचारतो. "फेज असेल", "लहानपणी काही झालं होतं का" असं लगेच, "लग्न झालं की सगळं ठीक होतं", हे ऐकलं की उठा. काही जण नुसते अवघडतात, चुकीचा शब्द वापरतात, पण सांगितल्यावर सुधारतात, त्यांना एक संधी द्यायला हरकत नाही. आणि अतिउत्साही लोकांपासून पण सावध, जे दुसऱ्याच सेशनला "मग घरी कधी सांगताय?" सुरू करतात. राहायला जागा, पैसे, सुरक्षितता याचा हिशोब तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही, तेव्हा सांगायचं का आणि कधी ते तुम्ही ठरवणार. तसंच तुमची प्रत्येक अडचण ओरिएंटेशनला नेऊन चिकटवणारे पण असतात, तेव्हा "आत्ता मी फक्त ऑफिसबद्दल बोलतोय" असं स्पष्ट म्हणा.

सोडायचं ठरलं तर कारण द्यायची गरज नाही, "पुढचे सेशन नकोत" एवढा मेसेज पुरतो. पण कोणी बदलायचे प्रयत्न केले असतील तर तारखा आणि मेसेज जपून ठेवा, लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करायची झाली तर तेच कामाला येतं.