सिरियम क्लोराइड वाळवताना या चुका टाळा

आधी बाटलीवरचं लेबल नीट वाचा: हेप्टाहायड्रेट (दर रेणूमागे पाण्याचे सात रेणू असलेलं) की निर्जल? ल्यूश रिडक्शनला (1978, एनोनमधल्या कार्बोनिलचं अल्कोहोल करण्याची पद्धत) हेप्टाहायड्रेटच लागतं, ते वाळवत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. एनोन (कार्बोनिलशेजारी दुहेरी बंध असलेला कीटोन) आणि सिरियम मीठ समप्रमाणात मेथॅनॉलमध्ये, सुमारे 0.4 मोलर, आणि त्यात सोडियम बोरोहायड्राइड चिमूट चिमूट. एकदम टाकलंत तर हायड्रोजनचा फेस फ्लास्कबाहेर येतो.

अल्किल लिथियम (उदा. ब्यूटिल लिथियम) किंवा ग्रिग्नार्ड (ऑर्गॅनोमॅग्नेशियम अभिकारक) मिसळून ऑर्गॅनोसिरियम, म्हणजे कार्बोनिलला जोडून अल्कोहोल देणारा अभिकारक, करायचं असेल तर मात्र मीठ कोरडंठाक हवं. बहुतेक प्रयोग इथेच फसतात, दोष मात्र ब्यूटिल लिथियमच्या बाटलीला मिळतो. हेप्टाहायड्रेट थेट 150 अंश सेल्सिअसवर ठेवलं की सुटणारं पाणी मिठावरच उलटतं: हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि मागे सिरियम ऑक्सिक्लोराइड उरतं. ते पुन्हा कितीही तापवा, क्लोराइड होत नाही.

म्हणून बारीक पूड करा. 0.1 मिलिमीटर पाऱ्याच्या व्हॅक्यूममध्ये, अधूनमधून फ्लास्क हलवत, 90 ते 100 अंशांवर किमान 2 तास ठेवा, मोनोहायड्रेट (पाण्याचा एकच रेणू उरलेलं) मिळतं. मगच 140 ते 150 अंशांवर आणखी 2 तास. खात्री वजनाने करा. 1.86 ग्रॅम (5 मिलिमोल) हेप्टाहायड्रेटचं पहिल्या टप्प्यानंतर साधारण 1.32 ग्रॅम आणि शेवटी 1.23 ग्रॅम भरायला हवं. जास्त भरलं तर पाणी उरलंय.

अरगॉन सोडा, फ्लास्क बर्फात गार करा आणि ढवळत कोरडं टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, द्रावक) एकदम ओता. गरम मिठावर ओतलंत तर ढेकूळ बनतं, ते फुटता फुटत नाही. किमान 2 तास, जमल्यास रात्रभर ढवळा. ताकासारखं पांढरं, एकजीव दिसायला हवं. तळाला खडे खरखरत असतील तर पुढे जाऊ नका. ओलाव्याची शंका असल्यास फिकट नारिंगी रंग टिकेपर्यंत टर्शरी ब्यूटिल लिथियम थेंबाथेंबाने घाला. हवेत पेट घेणारा पदार्थ आहे, सुई जपून.

अल्किल लिथियम उणे 78 अंशांवरच मिसळा. बीटा हायड्रोजन (धातूपासून दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन) असलेलं ऑर्गॅनोसिरियम 0 अंशाच्या आसपास टिकत नाही. ग्रिग्नार्डला 0 अंश चालतात.

शेवटी नुसतं पाणी घातलं की हायड्रॉक्साइडचा चिकट गाळ होऊन थर सुटत नाहीत. सौम्य ॲसिटिक आम्ल घाला. तयार झालेलं अल्कोहोल आम्लाने बिघडणारं असेल, तर आम्लाऐवजी सेलाइटवरून (गाळण्याची बारीक पूड) गाळा.