माळ ते ओढा: आपल्या शिवाराच्या मातीचा नकाशा घरच्या घरी

आमच्या चौदा एकरांचा माती परीक्षणाचा पहिला अहवाल आला, तेव्हा त्यात एकच सामू (पीएच) होता, एकच क्षारता, एकच चुनखडीचा आकडा. भावजींनी शेतातल्या आठ-दहा ठिकाणची माती कालवून अर्ध्या किलोची एक पिशवी पाठवली होती. कागद चुकीचा नव्हता, फक्त तसली माती आमच्या शेतात कुठंच नव्हती. वर माळाला वीतभर मातीखाली मुरूम, खाली ओढ्याला पुरुषभर काळी. बापाचं आणि पोराचं माप घेऊन मधल्या मापाचा सदरा शिवावा, तसा तो कागद. त्याच्या भरवशावर आम्ही वरपासून खालपर्यंत डाळिंब लावलं आणि खालच्या दोन एकरांतली झाडं तिसऱ्या पावसाळ्यात पिवळी पडून गेली.

मी भूगोल शिकलेली, लग्न होऊन मंगळवेढा तालुक्यात आले. झाडं गेल्यावर मी नकाशा काढायला घेतला. त्याला दोन हंगाम लागले. तुम्ही माझ्या चुका टाळल्या तर एका हंगामात होईल.

सरकारी नकाशे आहेतच. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोनं राज्याचा मातीनकाशा काढलाय, पण त्याचं प्रमाण १:२,५०,०००. म्हणजे कागदावरचा १ मिमी जमिनीवरचे २५० मीटर. आमचे चौदा एकर त्यावर तिळाएवढे. जिल्ह्यात साधारण काय चाललंय ते त्यावरून कळतं, कुठल्या सरीत काय लावायचं ते कळत नाही.

सुरुवात कागदापासून नको, घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून करा. आमच्या आत्यांना (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात) बांधावर उभं केलं आणि विचारलं, कुठली जमीन कसली? त्यांनी हातानंच रेघा ओढल्या: हितनं वर बरड, त्या लिंबापातूर मध्यम, खाली काळवट, आणि ओढ्याकडचा तो कोपरा चोपण, "तिथं पाऊस झाला की पाय घसरतो आन् वाळलं की कुदळ उडती." मी ते गटाच्या नकाशावर पेन्सिलीनं उतरवलं. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गटाचा नकाशा घ्या, मोठ्ठा छापून घ्या. आमची पट्टी लांबट, माळाकडून ओढ्याकडं ६०० मीटर आणि रुंदी ९५ मीटरच्या आसपास. १ सेंमी म्हणजे २० मीटर धरलं की आलेखाच्या कागदावर ती ३० सेंमी लांब होते, घडी न घालता वहीला लावता येते.

अशा पट्टीचा एक फायदा असतो. आपला सगळा सोलापूर जिल्हा बेसॉल्टवर बसलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर आलेल्या लाव्ह्यावर. मूळ खडक एकच असूनही माती पावलापावलाला बदलते, ती उतारामुळं. माळावर झिजलेली माती पावसानं खाली जाते, वर मुरूम उघडा पडतो, खाली चिकणमाती साठत जाते. म्हणून मोजायचं ते उतारावरून खाली चालत, उताराला आडवं नाही. आडवं चाललात तर तासभर एकच माती दिसेल.

उतार मोजायला पारदर्शक नळी पुरते, गवंडी वापरतात ती. दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा, नळीत पाणी भरा, हवेचे बुडबुडे काढा, काठ्या १० मीटरवर धरा. दोन्हींकडच्या पाण्याच्या खुणांत १० सेंमी फरक म्हणजे एक टक्का उतार. आमच्याकडं वर तीन टक्क्यांच्या जवळ, मधे दीड, खाली जवळजवळ सपाट. उतार कुठं मोडतो ते टिपून ठेवा. तिथंच बहुतेक वेळा माती बदलते.

आता खोली. माझ्या मते सोलापुरात हाच नकाशाचा जीव आहे, बाकी सगळं मागाहून. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिमीच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. रब्बीची ज्वारी पुढं त्या साठलेल्या ओलीवर येते. मीटरभर भारी काळी माती पिकाच्या उपयोगाचं १५० ते २०० मिमी पाणी धरते. तीच माती ३० सेंमी असली तर पन्नास-साठ मिमी, आणि मुरमाड असली तर त्याहून कमी. नत्र कमी पडलं तर वरून टाकता येतं, खोली टाकता येत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचे वाण खोलीवरच वाटून दिलेत: ३० सेंमीपर्यंत फुले अनुराधा, ६० पर्यंत फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी ३५-१, त्यापुढं फुले वसुधा. म्हणून माझ्या नकाशावरच्या रेघाही ३० आणि ६० सेंमीच्याच आहेत. पुस्तकांत आणखी बारीक वर्ग आहेत, मला त्यांचा उपयोग नव्हता.

खोली बघायला गावातल्या वेल्डरकडून १० मिमीची, सव्वा मीटर लांब सळई करून घ्या, वर आडवी मूठ आणि दर १० सेंमीला करवतीची खाच. ऑक्टोबरात, वाफसा असताना (माती ओली पण चिखल नाही), सळई काळीत लोण्यात गेल्यासारखी जाते. मे महिन्यात हाच प्रयोग केलात तर सळई वाकेल आणि खांदा दुखेल (माझं दोन्ही झालं). सळई थांबली की लगेच आकडा लिहू नका. दगड लागला असेल तर खणकन आवाज येऊन ती जागीच थांबते. मुरूम लागला तर खर्र असं करत दोन-तीन सेंमी अजून जाते आणि फिरवली की हाताला रवाळ लागतं. चुनखडीचे खडे लागले तर अडखळते, फिरवली की पुढं निघते. प्रत्येक जागी हातभर अंतरावर तीनदा खुपसा आणि मधला आकडा घ्या. मी दोन ओळींत दर ३० मीटरला गेले, चाळीस जागा झाल्या. पोरगा फोनवर जागेची खूण करायचा, मी आकडा ओरडायचे. फोनची जागा चार-पाच मीटर इकडं-तिकडं दाखवते, एवढ्या कामाला तेवढं चालतं.

सळईला खोली कळते, थर दिसत नाहीत. थर बघायला आधी विहिरीकडं जा. बांधीव नसलेली जुनी विहीर, नवं शेततळं, मुरमाची खाण, खोलीकरण केलेला ओढा, ही सगळी उघडी पुस्तकं. सकाळी ऊन तिरपं असताना समोरच्या काठावरून फोननं मोठा करून फोटो घ्या. आत उतरू नका. आमच्या विहिरीत वर हातभर काळी, मग चुनखडीचे पांढरे ठिपके असलेली करडी, मग पिवळसर मुरूम, मग काळा पाषाण, आणि त्याच्याही खाली तांबडा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड होऊन वर माती धरू लागली आणि त्यावर दुसरा आला, त्यात भाजून निघालेला थर. शेतीला त्याचा उपयोग काही नाही, पण मला बघायला आवडतो.

विहीर नसेल तिथं खड्डा घ्या, लांबी-रुंदी-खोली मीटर-मीटर. तीन खड्डे पुरतात: माळ, मध्य, ओढा. उन्हाकडची बाजू सुरीनं उकरून घ्या, फावड्यानं घासलेली भिंत खोटी दिसते. शेजारी टेप लटकवा, फोटो काढा. मग दर १५ सेंमीला लिंबाएवढी माती काढून तीन गोष्टी बघा.

पहिली, पोत. खडे काढून माती भिजवा, कणकेसारखी मळा, अंगठ्यानं बोटावरून पुढं सरकवत पट्टी काढा. पाच सेंमीच्या वर न तुटता आली तर चिकणमाती, अडीच ते पाच मध्यम, त्याच्या आत तुटली तर पोयट्याची. रेती असेल तर कानाजवळ चोळल्यावर करकरते.

दुसरी, चुना. संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब. चष्मा घाला, पोराबाळांना लांब ठेवा. आमच्याकडं बहुतेक माती फसफसतेच, प्रश्न किती आणि किती खोलीवर एवढाच. वरच्याच थराला जोरात उकळी फुटली तर तिथं डाळिंबाची, लिंबाची कोवळी पानं पिवळी पडायची तयारी ठेवा, कारण चुना जास्त असला की लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात, अलगद सोडा. ग्लास हलवू नका. बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांनी निकाल फसतो. माळाच्या ढेकळाचा पाच मिनिटांत भुगा झाला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं. मधल्याचंही तसंच. ओढ्याच्या कोपऱ्यातलं ढेकूळ मात्र आधी तसंच बसून राहिलं. मग त्याच्या कडेनं बारीक धूर निघाल्यासारखं झालं, आणि तासाभरात पाण्यात ताक मिसळावं तसा ढग तळाला पसरला. दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा पाणी गढूळच. हे सोडियमचं लक्षण. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून देतात, पाणी मुरायची भोकं बुजवतात, मुळांना हवा मिळत नाही. आत्यांनी ग्लास बघितला आणि म्हणाल्या, "मंग, चोपण म्हन्ले की."

अशा जागेला नुसतं खत टाकून भागत नाही. आधी पाणी बाहेर काढायला चर लागतो, मग जिप्सम, आणि ते किती ते प्रयोगशाळेच्या आकड्यावरच ठरवावं. पांढरं मीठ फुटणारी क्षारपड जमीन वेगळी आणि ही वेगळी. उजनीच्या कालव्याचं पाणी आल्यावर निचरा नसलेल्या सखल शिवारांत दोन्ही बघायला मिळतात.

काळ्या रंगाला फसू नका. काळी म्हणजे कर्ब भरपूर, असं पुष्कळांना वाटतं. सेंद्रिय कर्ब आमच्या काळ्यातही अर्ध्या टक्क्याच्या आतच निघाला. खरी भारी काळी ओळखायची ती भेगांवरून. एप्रिल-मेमध्ये सायकलच्या चाकाची तार भेगेत सोडून खोली मोजा, तार पुरली नाही तर लांब तार घ्या. खड्ड्यात हातभर खाली सुरीनं ढेकूळ मोडलं की त्याची पाठ वापरलेल्या तव्यासारखी गुळगुळीत, तिरप्या रेघांची दिसते. फुगताना आणि आकसताना माती मातीवर घासून ती तशी होते. तसल्या जागेत ना पक्का पाया टिकतो ना सिमेंटचा पाट.

एवढं झालं की ठिपके जोडा आणि प्रत्येक मातीच्या तुकड्याला वेगळा रंग द्या. दोन आकड्यांच्या मधे रेघ नक्की कुठं द्यायची ते शेतच सांगतं. मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी माळावर उभं राहा, हलकी जमीन आधी पांढुरकी पडते आणि हद्द डोळ्यांना दिसते. तरवड आणि कुसळ मुरमावर, कुंदा भारी काळीत. गुगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रं मिळतात. कमी पावसाच्या वर्षीचं जानेवारीचं बघा, ज्वारी जिथं आधी वाळली तिथं खोली संपली. मला माझी ३० सेंमीची रेघ त्यावरून पंधरा मीटर खाली सरकवावी लागली. नकाशा संगणकावर हवा असेल तर क्यूजीआयएस फुकट आहे. मी कागदावरच ठेवलाय, तो गडीमाणसाला दाखवता येतो.

प्रयोगशाळेची पाळी आता येते. प्रत्येक रंगाच्या तुकड्यातून वेगळी पिशवी. तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे २० सेंमीचे खड्डे, कडेची चिपटी घ्यायची, बांध, झाडाची सावली, उकिरडा सोडून. फळबाग असेल तर ३०-३० सेंमीचे थर वेगवेगळे. घमेल्यात मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. मी पहिल्यांदा युरियाच्या रिकाम्या पोत्यावर वाळवली होती, ती सगळी फेकून द्यावी लागली. आणि एकाच मातीच्या दोन पिशव्या मुद्दाम वेगळ्या नावांनी पाठवा, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. एका प्रयोगशाळेत माझ्या 'मध्य-१' आणि 'मध्य-४' यांच्या क्षारतेत दुपटीचा फरक आला, माती एकाच घमेल्यातली. तेव्हापासून मी दुसरीकडं पाठवते.

शेवटी एक तुकडा उरला, ज्याला माझ्याकडं रंगच नव्हता. मधल्या पट्टीत, लिंबाच्या खाली, जेमतेम दोन गुंठे. खोली मध्यम, पण माती राखाडी, भुसभुशीत, भेग नाही. अहवालात स्फुरद (फॉस्फरस) 'खूप जास्त' आणि आम्ही तिथं कधी जादा खत टाकलेलं नाही. मला वाटलं, परत पिशव्यांचा घोळ. सुरी घेऊन उकरलं तर वीतभर खाली खापराचे तुकडे, कोळसा, एका जनावराचं हाड. आत्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, ही काळी न्हाईच, ही पांढरी. कधीतरी हितं वस्ती होती, पटकी का कायतरी आली आन् लोक उठून गेले, असं त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलेलं. चुलीची राख, शेण, हाडं, पिढ्यान्‌पिढ्यांचं स्फुरद त्यात मुरलेलं.

नकाशाच्या कडेला मी रंगांची यादी केली होती: बरड, मध्यम, भारी, चोपण. तिच्याखाली पाचवा चौकोन काढला, तो रंग न भरता कोराच ठेवला आणि पुढं लिहिलं 'पांढरी'. यंदा तिथं आत्यांनी मेथी टाकलीय.