कासवांसाठी किनाऱ्याचा नकाशा आखताना

ऐरोलीहून मी गावच्या पोरांना फोनवर हेच सांगते: नकाशा भरतीच्या रेषेपासून सुरू करा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री त्या रेषेच्या वरच्या बाजूला कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभरेक अंडी घालते. पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस. तो पट्टा नोव्हेंबर ते मे बंद. गाडी नाही, खुर्च्या नाहीत, दिवे तर नकोतच! पिल्लं उजेडाकडे धावतात, हॉटेलचा एक बल्बही त्यांना उलट दिशेला नेतो.

समोरच्या पाण्यात हंगामात ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी यांत्रिक बोट, नको. जाळ्यात अडकलेलं कासव गुदमरतं. होड्यांची वाट मात्र कोळ्यांसोबत बसूनच ठरवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, मच्छीमारांनी विरोध केला; तसं आपल्याकडे व्हायला नको. सगळं ठरलं की मग नकाशा वनविभागाकडे द्या.