घरपट्टी, ग्रामसभा आणि गावाचा आराखडा: या चुका टाळा

ग्रामपंचायतीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पण त्या वर्षात कोणत्या वाडीला पाखाडी (दगडी किंवा काँक्रीटची पायवाट) मिळणार, कोणत्या विहिरीतला गाळ निघणार, नळपाणी योजनेच्या दुरुस्तीला किती पैसे ठेवणार, हे आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच ठरून गेलेलं असतं. कोकणातली गावं मात्र भरतात मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात आलेला चाकरमानी रस्त्याचं बोलतो तेव्हा त्या वर्षाचा आराखडा, म्हणजे कामांची आणि खर्चाची योजना, मंजूर होऊन काही महिने उलटलेले असतात. त्याचं म्हणणं खरं असतं, फक्त वेळ गेलेली असते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींत होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ या वेळापत्रकात आहे. (नगरपंचायत आणि नगरपरिषदेचा कायदा वेगळा, त्यामुळे तिथले नमुने आणि मुदतीही वेगळ्या. इथे फक्त ग्रामपंचायतीचं लिहिलं आहे.)

मागणी तोंडी करणं

वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आसपास होतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी यातली सगळ्यात महत्त्वाची २ ऑक्टोबरची. साधारण त्या दिवशी देशभर आराखडा तयार करण्याची मोहीम सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. म्हणजे मागणीचा कागद तयार करायची खरी वेळ गणपतीची. सगळे गावात असतात, वाडीची बैठक तशीही होते, आणि सभा दोन-चार आठवड्यांवर आलेली असते.

सभेत उठून "आमच्या वाडीकडे लक्ष द्या" असं सांगितलं तर इतिवृत्तात फार तर "चर्चा झाली" एवढी नोंद होते. त्यावरून शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही. मागणी अशी लिहा: "खालची वाडी, देवळापासून सार्वजनिक विहिरीपर्यंत पाखाडी, लांबी १४० मीटर, रुंदी १.२ मीटर, दोन ठिकाणी पायऱ्या, व्हाळावर एक मोरी, लाभ होणारी घरं १७." (व्हाळ म्हणजे ओहोळ, मोरी म्हणजे पाणी जायला वाटेखाली केलेली सोय.) सोबत जागेचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर द्या. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सभेच्या विषयपत्रिकेत विषय यावा असं वाटत असेल तर नोटीस निघण्याआधी अर्ज पोचला पाहिजे. नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी निघते, म्हणून अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्यावा.

सह्या कोणाच्या घेता हेही महत्त्वाचं. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं. ज्यांचं नाव मुंबई-ठाण्याच्या यादीत आहे त्यांना ग्रामसभेत मत देता येत नाही. त्यांची सही अर्जाखाली जरूर असू द्या, पण ठरावाचे सूचक आणि अनुमोदक गावातले मतदारच लागतात. घरपट्टीवर हरकत घेणं ही वेगळी गोष्ट. तो हक्क करदात्याचा आहे, तो कुठेही राहत असला तरी.

गणपूर्तीकडे दुर्लक्ष आणि महिलांची सभा कागदावर

गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं, १,२०० मतदारांच्या गावात १००. संख्या भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग वीस-पंचवीस माणसांत आराखडा मंजूर होतो आणि तो कायद्याने चालतोही. "सभाच झाली नाही" असं समजून घरी बसणाऱ्यांची इथे फसगत होते. सभा तहकूब झाली तर पुढची तारीख त्याच दिवशी विचारून घ्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ती हजेरीपटावरच्या सह्यांपुरती उरते. हे गावाच्या नुकसानीचं आहे, कारण एप्रिल-मेमध्ये कोणती विहीर कधी आटते, कोणत्या वाडीला नळाला किती मिनिटं पाणी येतं, याची नेमकी माहिती बायकांकडे असते. सही करण्याआधी त्या पानावर विषय आणि ठराव लिहिलेला आहे ना, ते वाचा. कोऱ्या पानावर सही करू नका.

जागेचा कागद नसताना काम सुचवणं

कोकणातली सगळ्यात जास्त कामं इथे अडतात. पाखाडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते, पण सातबाऱ्यावर ती कोणाच्या तरी खाजगी हिश्शातून जाते आणि त्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदार असतात. एखादा गडगा (दगडी कुंपण) दोन फूट मागे घ्यायचा म्हटला की हरकत येते. निधी आलेला असतो, जागा मिळत नाही, वर्ष संपतं आणि काम रद्द होतं किंवा दुसऱ्या वाडीला जातं.

म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी सातबारा काढा, सगळ्या सहहिस्सेदारांची यादी करा, लेखी संमती घ्या, मग मागणीचा अर्ज द्या. संमतीपत्रात किती मीटर लांब आणि किती रुंद जागा देत आहात ते आकड्यात लिहा. "रस्त्यासाठी जागा देण्यास हरकत नाही" एवढ्याच वाक्यावर पुढे भांडण होतं. सह्यांसाठी पुन्हा तोच काळ सोयीचा: गणपती, शिमगा, मे महिना. विहीर, टाकी किंवा समाजमंदिर यांसारखं कायमचं बांधकाम असेल तर नुसती संमती पुरत नाही, जागा नोंदणीकृत बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीच्या नावे व्हावी.

दुसऱ्या खात्याचं काम ग्रामपंचायतीकडे मागणं

समुद्राच्या लाटांनी किनारा खचतो, खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला) बांध फुटतो, जेटीच्या पायऱ्या तुटतात. ही कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यातल्या पैशांतून होण्यासारखी नसतात. खाजणातले बांध खारभूमी विकास विभागाकडे, जेटी आणि प्रवासी धक्के महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मासेमारीच्या सोयी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. विजेचे खांब आणि तारा महावितरणच्या, त्या खांबांवरचे दिवे मात्र ग्रामपंचायतीचे. रस्त्याच्या बाबतीत तो ग्रामीण मार्ग आहे की जिल्हा मार्ग, हे आधी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारा. रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांकच पडलेला नसेल तर तो मिळवणं हेच पहिलं काम.

याचा अर्थ ग्रामसभेत हे विषय काढूच नयेत असा नाही. ठराव करावा, पण "सदर काम अमुक विभागाने करावे" असा, आणि ठरावाची प्रत त्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. स्मशानभूमीसाठी जनसुविधा योजना, मोठ्या रस्त्यासाठी जिल्हा नियोजन किंवा आमदार निधी, असं पैशांचं दारही ठरावात लिहिलं तर पाठपुरावा कोणाकडे करायचा हे ठरतं. किनाऱ्यालगत किंवा खाडीलगत बांधकाम असेल तर सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी लागते का, हे अंदाजपत्रक करण्याआधी तपासा.

पैशांचा हिशेब न लावता यादी लांबवणं

आराखड्यात साठ-सत्तर कामं टाकून सगळ्या वाड्या खूश केल्या जातात. पैसे सात-आठ कामांचे असतात. मग कोणतं काम आधी घ्यायचं हे सभेबाहेर ठरतं. हे टाळायचं तर सभेत आधी एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी किती रक्कम अपेक्षित आहे आणि त्यातली किती बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेली?

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के निधी बंधित होता, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीतून इतर कामं. म्हणजे १० लाख आले तर पाखाडी, मोरी, दिवाबत्ती, अंगणवाडी अशा साऱ्या गोष्टींना मिळून ४ लाख. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे जुनं प्रमाण गृहीत न धरता चालू परिपत्रक सभेत वाचून दाखवायला सांगा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, यात या तीन रकमा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर सभेतच विचारा.

घरपट्टीचं बिल नुसतं भरून टाकणं, किंवा नुसतं भांडणं

घरपट्टी आता भांडवली मूल्यावर निघते. सूत्र असं: इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (बांधकामाच्या वयानुसार मूल्य कमी करणारा आकडा), आणि या बेरजेला गुणिले वापराचा भारांक (वापराप्रमाणे ठरणारा आकडा). जमीन आणि बांधकामाचे दर शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून येतात. दर हजारी किती कर लावायचा हे शासनाने घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते. निवासी वापराला भारांक १, वाणिज्यिकला १.२५.

समजा ८०० चौरस फुटांचं जांभ्याचं घर आहे, म्हणजे ७४.३२ चौरस मीटर. उदाहरणापुरते जमिनीचा दर ४०० रुपये, बांधकामाचा १०,००० रुपये आणि घसारा ०.८५ धरू. भांडवली मूल्य येतं ६,६१,४४८ रुपये. दर हजारी १ रुपया असेल तर घरपट्टी सुमारे ६६१ रुपये. आता त्याच घरात २०० चौरस फुटांची एक खोली पर्यटकांना देता आणि नोंद करणाऱ्याने अख्खं घर वाणिज्यिक धरलं, तर आकडा ८२७ वर जातो. फक्त ती खोली वाणिज्यिक धरली तर वाढ सुमारे ४१ रुपयांची. म्हणून मोजणीच्या वेळी हजर राहा आणि वापर खोलीनिहाय लिहून घ्या.

बिल अवाजवी वाटलं तर सरपंचांशी वाद घालण्याआधी नमुना ८ चा (कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा घ्या आणि चार रकाने तपासा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर. क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजून चौरस मीटरच्या रकान्यात पडलं तर कर पावणेअकरा पट होतो. जुन्या चिरेबंदी घरावर पत्रे बदलले म्हणून बांधकामाचं वर्ष नवं लिहिलं तर घसाऱ्याचा फायदा जातो. पडून गेलेला गोठा किंवा पडवी अजून उताऱ्यावर असते. उलटही घडतं: नवी खोली काढली आणि नोंद केलीच नाही, मग कर्जाच्या किंवा नुकसानभरपाईच्या वेळी ती खोली कागदावर सापडत नाही.

आकारणी दर ४ वर्षांनी सुधारली जाते. नवी यादी सूचनाफलकावर लागते आणि हरकतीची मुदत नोटिशीत लिहिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, मोजमापाचा साधा नकाशा जोडा, सुनावणीला जा. निकाल पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील, त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मुदतीत हरकत न घेता नंतर बिल न भरणं हा उपाय नाही. थकबाकी वाढते आणि दाखले अडतात. पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, भरलेल्या घरपट्टीवर ५ टक्के सूट असते, वर्ष संपल्यावर ५ टक्के दंड. गणपतीला आलात की भरून जा.

घर वर्षभर बंद असलं तरी दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि सामान्य पाणीपट्टी लागते. विशेष पाणीपट्टी मात्र स्वतःच्या नळजोडणीची. नळ नको असेल तर जोडणी बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, नुसता कॉक बंद करून आकारणी थांबत नाही.

नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, ती कर आकारणीची नोंद आहे. तरीही आजोबांच्या नावावर वर्षानुवर्षं पट्टी भरत राहणं महागात पडतं. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, तशा वादळात घर पडलं की पंचनामा होतो, पण उताऱ्यावर हयात माणूस नसेल तर मदत कोणाच्या खात्यात जमा करायची यावर अडतं. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि सगळ्या वारसांची संमती घेऊन वारसनोंद करून घ्या. एकमत होत नसेल तर निदान सगळ्यांची नावं एकत्र लावा.

मंजुरीनंतर पाठ फिरवणं

ठराव झाला की काम झालं, असं नसतं. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. हे फेब्रुवारी-मार्चपर्यंत रेंगाळलं तर काँक्रीट मे महिन्यात पडतं, नेमकं तेव्हा गावात प्यायलाही पाणी कमी असतं. सिमेंटच्या कामाला किमान ७ ते १० दिवस पाणी मारावं लागतं. ते न मिळालेली पाखाडी पहिल्याच पावसात भुसभुशीत होते. डिसेंबरपर्यंत तांत्रिक मान्यतेची तारीख विचारत राहा आणि मेमध्ये काम निघालंच तर पाण्याची सोय कोण करणार हे आदेशात लिहून घ्या.

मंजूर आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाच्या नावाने पाहता येतो. तुमच्या कामाचं नाव तिथे नसेल तर ते आराखड्यात चढलेलं नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकांना, ठरावाची प्रत दाखवून कारण लेखी मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. काम झालेलं असेल तर त्याच अर्जात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, टेप घेऊन जागेवर जा आणि लांबी, रुंदी, जाडी पुस्तिकेशी ताडून पाहा. तफावत दिसली तर अंतिम बिल निघण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.